केळीच्या सोपटाची गाठ

धुळ्याच्या आग्रा रोडवर, झुलालच्या चपलांच्या ठेल्याशी एका पायावर उभे असताना उखर्डू नानांना कळलं, की तिकडे जामनेर तालुक्यात, आपल्या गावी, सख्ख्या भावाला, देवचंदला, मारल्याबद्दल भिकनला धरलंय, आणि त्याला धरायला कारण झालेत आपले हात. अगदी खरोखरीचे हात, दहा बोटांसकट. चपलेचा अंगठा तुटला म्हणून नाना तिथे थांबले होते. शेजारच्या दवाखान्यातला छगन कंपाउंडर फुकटचा पेपर वाचत होता, आणि फुकटचा असल्यामुळे मोठ्यानं वाचत होता. "पाय सरळ केलेले, हात छातीवर ठेवलेले, आणि दोन्ही पायांचे अंगठे केळीच्या सोपटानं, वाळल्या सालीनं, एकत्र बांधलेले. विहिरीवरची मोटर गायब. काय वाटतं झुलालभाऊ, कोणाचं काम?" झुलालनं दाभण ओढली. "त्यामा वाटाणं काय? घरनंच काम शे. चोर काय अंगठा बांधाले थांबस का? चोर पळस. मारं रागमा, मंग रडू उनं, मंग बांधात. भाऊच शे तो." छगननं पेपरावर टिचकी मारली. "फौजदारही हेच म्हणतोय. मोटर म्हणे धूळफेक. पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं होतंच. नवा फौजदार आहे, डोकेबाज आहे. म्हणतो, मारण्याची तऱ्हा बघा, मारणाऱ्याचं मन दिसतं." झुलालनं नानांचा पाय मांडीवर ओढून नव्या अंगठ्यात घातला आणि मान वर केली. "नाना, पाय ढिला सोडा ना. असा काबर ताणी धरा? नि थंडगार पडी गया तुमना पाय." नानांनी पाय ढिला सोडला. तो ढिला सुटला नाही.

उखर्डू हे नाव कुणी हौसेनं ठेवत नाही. चार भावंडं पाळण्यातच गेल्यावर पाचव्याला आईनं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि उचलून आणलं, म्हणजे यमानं वरून बघितलं तरी त्याला वाटावं, हा तर टाकून दिलेला माल आहे. यम फसला. इतका फसला की पुढे या घराशी त्याचं जाणं-येणंच वाढलं. कारण उखर्डूचा बाप चिंधाआबा पंचक्रोशीत तिरडी बांधण्यात नावाजलेला. आबानं बांधलेल्या तिरडीवरून माणूस म्हणे नदीच्या पुरातून पलीकडे गेला आणि त्याचा एक केस भिजला नाही. हे सांगणारे पाच जण होते आणि पाचही खोटारडे होते, पण गाठ आबाची पक्की, हे खरं. मढ्याचे अंगठे बांधायची त्याची रीत वेगळी होती. एकच वेढा, एकच गाठ, टोक डाव्या पायाकडे खोचलेलं. दुहेरी गाठ कधी नाही. "दुहेरी गाठ बैलाले मारतात, बाप्पा," आबा म्हणायचा. "बैल वढते. हा कायले वढते?" बाराव्या वर्षी उखर्डूनं पहिले अंगठे बांधले, स्वतःच्या आजीचे. आजीचे पाय गारठलेल्या काकडीसारखे लागले होते. मग गावात कोणी गेलं की बापाच्या मागे हाही. अंगठे उखर्डूकडे, बांबू आबाकडे. हातांना इतकी सवय झाली की डोकं दुसरीकडे असलं तरी हात काम करून मोकळे होत. पुढे उखर्डू मॅट्रिक झाला, धुळ्याला पाटबंधारे खात्याच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळायला लागला, त्याचा नाना झाला. गावातल्या लोकांना वाटलं पोरगा शिकला म्हणून गेला. तसं नव्हतं. पण ते नानांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशी ठेल्यावर तर स्वतःलाही सांगायची हिंमत नव्हती.

चप्पल चांगली शिवली गेली होती आणि तरी नाना लंगडत घरी गेले. बायकोनं, प्रमिलाबाईंनी, विचारलं, "पायाला काय झालं?" "नवी आहे, चावते," असं सांगून ते झोपाळ्यावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तो सोमवार आला, जो गेले नऊ दिवस ते मागे ढकलत होते. ताईबाईला, म्हणजे बहिणीला, ताप होता म्हणून ते शनिवारी गावी गेले. सोमवारी पहाटे उजाडता उजाडता पायी निघाले, पहूरला छोटी गाडी गाठायला. पहूर ते पाचोरा छोटी गाडी, पुढे मोठीनं चाळीसगाव, तिथून धुळे. या छोट्या गाडीचं काय सांगावं! पहूरला गाभण मांजर चढली तर पाचोऱ्याला पाच पिलं घेऊन उतरते. माणसं वाटेत उतरून बोरं वेचतात आणि चालत येऊन आपल्या जागेवर बसतात. पण चुकली तर चुकली, मग दिवस बुडाला, मस्टरवर लाल शेरा. नव्या साहेबानं गेल्या महिन्यात नानांना दोन लाल शेरे दिले होते आणि तिसऱ्याला मेमो. डिसेंबरची थंडी अशी, की बोललेलं तोंडातच गोठावं. नाना देवचंदच्या केळीच्या बागेच्या कडेनं, बांधावरून, झपझप चालले होते, आणि विहिरीजवळच्या निंबाखाली देवचंद पडलेला दिसला. उताणा. एक पाय दुमडलेला. डोक्यामागे माती काळी झालेली, कानातून एक बारीक रेघ आलेली, तोंड उघडं. अंगावरची गोधडी बाजूला. विहिरीत मोटरच्या जागी नुसतं नळकांड्याचं तोंड. हे सगळं नानांनी एका नजरेत पाहिलं. पुढचं त्यांनी पाहिलं नाही, कारण ते हातांनी केलं. दुमडलेला पाय सरळ केला. हात छातीवर आणले. खाली पडलेल्या केळीच्या पानाच्या देठावरून वाळलं सोपट ओढलं, एक पट्टी फाडली, एक वेढा, एक गाठ, टोक डावीकडे. मग हात झटकले. लांबून छोट्या गाडीची शिट्टी ऐकू आली आणि नाना पळाले. बावन्न वर्षांचा माणूस बांधावरून असा पळाला की धोतराचा सोगा तोंडात धरावा लागला. गाडी मिळाली. डब्यात शेंदुर्णीचा एक माणूस गुळाच्या भावाबद्दल बोलत होता आणि नाना त्याला "हो ना, हो ना" म्हणत होते. मस्टरवर निळी सही झाली.

एवढंच असतं तर फार तर पाप म्हणाल, घाबरटपणाचं. तसा घाबरटपणा तर कचेरीत टेबलाटेबलाला होता. पोलिसांच्या लफड्यात कोण पडतं? उद्या सांगू, परवा सांगू. नानांनी कचेरीच्या फुलस्केप कागदावर अर्ज लिहायला घेतला, "मा. फौजदार साहेब यांस, वि. वि. लिहिण्यास कारण की", आणि कारण लिहिता लिहिता त्यांना प्रत्येक वेळी चहा प्यावासा वाटला. असे सतरा अर्ज झाले. सतराही त्यांनी जुन्या कालव्यांच्या फायलींत मध्येमध्ये लावून ठेवले, जिथे यमसुद्धा काही शोधायला जात नाही. दोन महिन्यांनी ताईबाई डोळे तपासायला धुळ्याला आली. जेवताना सांगायला लागली आणि नानांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "भिकनले लई मारलं रे पोलिसांनी. तो म्हने, मी नौ वाजता गेलो, बायकोनं, लिलाबाईनं, वरडा केला म्हनून गेलो, मांडीवर डोकं घेतलं म्हनून रगत लागलं. ते म्हनतात, मंग अंगठे कोनी बांधले ते सांग. आता त्यानं काय सांगाव? लिलाबाईचे दोन लेकरं माह्या दारात भाकर मांगतात. नी त्यायच्या मायचं, पार्वताकाकीचं, तं काय सांगू, एक मेला नी दुसरा जेलात, नी मारनारा बी आपलाच. ती बोलतच नाही आता. नुसती बसते." मग भाजीत बोट बुडवून ती म्हणाली, "नी अजून एक. चिरफाड केली त्या दागदरनं लिहिलं म्हने, मार बसला मध्यानरात्री, पन जीव गेला उजाडल्यावर. सात-आठला. म्हंजे तो जित्ता व्हता रे. जित्त्या मानसाचे अंगठे बांधले भाऊनं. राक्षस बी असं करत नाही."

प्रमिलाबाई म्हणाल्या, "अहो, काय झालं? ठसका लागला का?" नाना म्हणाले, "हो." ते पाणी प्यायले, आणि पाणी पिताना बोटांच्या टोकांना ते आठवलं जे हातांनी त्या दिवसापासून दडवून ठेवलं होतं. देवचंदचे अंगठे गारठलेल्या काकडीसारखे नव्हते. बाराव्या वर्षापासून दोनशे तरी माणसांचे अंगठे या बोटांनी धरले होते, आणि एकदाही ते कोमट लागले नव्हते. त्या थंडीत, पहाटेच्या दवात, देवचंदचे अंगठे कोमट होते. चुलीवरून उतरवून ठेवलेल्या दुधाच्या भांड्यासारखे. नाना स्वतःशी म्हणाले, आपण चालून आलो होतो, आपलेच हात तापले असतील. आधी गोधडीत गुंडाळलेला असेल, ऊब राहिली असेल. पंधरा दिवस ते हे म्हणत राहिले आणि पंधरा दिवस बोटं त्यांना म्हणत राहिली, कोमट. शिपायानं फाईल हातात दिली तरी कोमट. देवाच्या घंटेची दोरी कोमट. एकदा चहाचा कप त्यांनी इतका वेळ धरून ठेवला की शेजारचा जीवराम हेडक्लार्क म्हणाला, "नाना, पिता का शेकता?"

आणि मग तो फौजदार त्यांच्या डोक्यात राहायला आला. नानांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो हवा तसा उंच आणि हवा तसा शांत होता. रेकॉर्डरूमच्या धुळीत, समोरच्या मोडक्या स्टुलावर बसून तो विचारायचा. तऱ्हा बघा नाना, तऱ्हेवरून मन दिसतं. भिकनचं सोडा, तुमचं बघू. माणूस पडलेला दिसला. कोणीही काय करतं? हाक मारतं. "देवचंद, ओ देवचंद." तुम्ही मारली? नाही. नाकाशी बोटं धरतं. तुम्ही धरली? नाही. छातीवर हात ठेवले ना तुम्ही त्याचे, तेव्हा छाती हलत होती का? बघितलं नाही. का नाही बघितलं? तुम्ही तर जाणते. छप्पन्न सालच्या साथीत लोक ज्याला गेला गेला म्हणत होते त्या माणसाला हात लावून तुमच्या बापाला तुम्हीच सांगितलं होतं, आबा, हा अजून आहे. बारावं सरून कितीतरी वर्षं झाली होती, तुमच्या बोटांना तेव्हाच कळत होतं. मग? गाडीची घाई, नाना म्हणत. मस्टर. फौजदार मान हलवायचा. घाई असलेला माणूस थांबून सोपट फाडत नाही. चोर थांबत नाही, घाईतला कारकूनही थांबत नाही. थांबतो तो, ज्याला काहीतरी पुरं करायचंय.

तेव्हा नानांना लग्नातली ती पंगत आठवे. तीस वर्षं झाली होती, पण वाढलेल्या वांग्याच्या भरिताचा वास अजून ताजा. उखर्डू तेव्हा बावीस वर्षांचा, नवा सदरा, समोरच्या रांगेत एका सोयऱ्याची मंडळी, ज्यांच्या मुलीचं त्याच्यासाठी चाललं होतं. उखर्डू पाटावर बसायला गेला आणि देवचंद, उमदा, थट्टेखोर, सगळ्या गावाचा लाडका देवचंद, मोठ्यानं म्हणाला, "सरका रे सरका, याच्या शेजारी बसू नका! हा जेवता जेवता मापं घेतो!" पंगत हसली. वाढपी हसले. समोरची मंडळी हसली, आणि हसता हसता त्यातल्या एका बाईनं आपली पावलं लुगड्याखाली ओढून घेतली. बस, एवढंच. ते स्थळ पुढे सरकलं नाही. देवचंदच्या मनात काही नव्हतं, संध्याकाळी त्यानं उखर्डूच्या खांद्यावर हात टाकून विडीही पाजली. पण उखर्डूनं त्या महिन्यात नोकरीचा अर्ज केला, आणि पुढे गावी गेला की देवचंद दुरून ओरडायचा, "काय मापारी, कव्हा आला?" आणि उखर्डू हसायचा. तीस वर्षं हसला. आणि त्या सोमवारी देवचंदचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. रेकॉर्डरूममधला फौजदार मात्र स्टुलावरून उठायचा नाही.

खटला जळगावच्या कोर्टात पुढच्या वर्षीच्या चैत्रात उभा राहिला. नाना किरकोळ रजा काढून दोनदा गेले आणि दोनदा कोर्टाच्या फाटकाशी शेवभाजी खाऊन परत आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा पोलीस भिकनला व्हरांड्यातून नेत होते. दीड वर्षात तो देवचंदसारखा दिसायला लागला होता, फक्त थट्टा तेवढी गेलेली. त्यानं नानांना ओळखलं. "राम राम, नाना," तो म्हणाला, बेडी घातलेले हात जमले तेवढे जोडून. "ताईबाईचा ताप उतरला का?" तो ताप दीड वर्षांपूर्वीचा होता. नाना तिथून थेट भिकनच्या वकिलासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "अंगठे मी बांधले."

वकील आधी हसला, मग दार लावून घेतलं. सगळं ऐकून घेतलं, सगळं म्हणजे नानांनी जेवढं सांगितलं तेवढं. मग बोट रोखून म्हणाला, "नाना, एकच ध्यानात ठेवा. तुम्ही पोचलात तेव्हा तो मेलेला होता. डॉक्टरचं काय, अंदाज असतो, ते मी उलटतपासात मोडून ठेवलंय. जिवंत होता म्हणालात तर सरकारी वकील तुम्हालाच भिकनशेजारी उभं करील आणि दोघं जाल. मेलेला होता. म्हणा." "मेलेला होता," नाना म्हणाले. "घट्ट म्हणा." नानांनी घट्ट म्हटलं. पिंजऱ्यात शपथ घेऊनही तेवढंच घट्ट म्हटलं. सरकारी वकील मिशीतून म्हणाला, "वा! दीड वर्ष तुम्ही गाठ पोटात घेऊन फिरत होता? आणि कशावरून ती तुमची? खानदेशात सोपटाच्या गाठी काय कमी आहेत?" जज्जांनी सोपट मागवलं. कोर्टाच्या शिपायाचे अंगठे चालतील का असं वकिलानं विचारलं, तर शिपाई चार पावलं मागे सरला आणि सगळं कोर्ट हसलं. मग दोन शिसपेन्सिली दिल्या. नानांच्या हातांनी एक वेढा घेतला, एक गाठ मारली, टोक डावीकडे खोचलं. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. मुद्देमालाची पुडी उघडून जज्जांनी दोन्ही गाठी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ चष्म्यातून पाहत राहिले. मग फौजदाराकडे पाहिलं. खरा फौजदार बुटका होता आणि त्याला घाम आला होता. ज्या एका गाठीवर सगळा खटला टांगला होता ती भिकनची नव्हती, आणि मोटर अखेर चोरानंच नेलेली दिसत होती. आठ दिवसांनी भिकन सुटला.

सुटला त्या दिवशी नाना गेले नसते, पण ताईबाईनं निरोप धाडला, पार्वताकाकी तुला भेटायचं म्हणते, दीड वर्षात पहिल्यांदा बोलली ती एवढंच बोलली. कोर्टाच्या आवारात निंबाखाली बैलगाडीएवढा घोळका होता. लिलाबाई नानांच्या पाया पडली. "देवानं धाडलं तुम्हाले, नाना," असं चार जण म्हणाले. भिकननं मिठी मारली तेव्हा नाना लाकडासारखे उभे राहिले. "लाजून राह्यले नाना!" कोणीतरी ओरडलं आणि पेढा नानांच्या तोंडात कोंबला. म्हातारी बाजूला फरशीवर बसली होती. तिनं हातानं त्यांना खाली बसवलं, अगदी जवळ, आणि घोळका पेढ्यांत गुंतलेला बघून हळू आवाजात म्हणाली, "उखर्डू, तू चिंधाआबाचा पोरगा. माह्या सासूचे अंगठे तूच बांधले व्हते. कोर्टात तू जे बोलला ते बोलला, माहा भिकन आला, मले त्याचं काही नाही. मले एक सांग. तू हात लावला तव्हा माहा देवचंद गार व्हता का?"

पेढा नानांच्या गालात होता. भिकन सुटला होता, आता पुन्हा कोणी त्याला धरणार नव्हतं. इथे वकील नव्हता आणि शपथही नव्हती. "गार होता" एवढे दोन शब्द म्हटले की ही म्हातारी आज घरी जाऊन जेवेल, आणि आपण मोठीनं धुळ्याला जाऊ. तिचे डोळे मोतीबिंदूनं पांढरे झाले होते, तरी ती बघत होती. नानांनी पेढा हातावर काढला.

"कोमट होता, काकी."

म्हातारीचे ओठ हलले, जसे कोणाचं नाव घेताना हलतात. "मंग हाक का नाही मारली रे?" तिनं विचारलं. त्यात राग नव्हता. आजारी माणसाला विचारावं, काही खाल्लं का, तसं विचारलं.

"हाक मारली असती तर त्यानं ओ दिली असती," उखर्डू म्हणाला. "म्हणून नाही मारली."